आरसा नसलेला कॅमेरा आणि फोटोग्राफरचं अवधान



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की आयोजकांची काहीतरी गफलत झाली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॅमेऱ्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी फोटोग्राफर नाही. पण गेल्या वर्षी मला एक प्रश्न विचारला गेला, त्याचं मी घाईत चुकीचं उत्तर दिलं, आणि ते दुरुस्त करता करता जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

प्रश्न विचारणारा माझा जुना विद्यार्थी. बी.ए.ला त्याने तत्त्वज्ञान घेतलं. पुढे नोकरी लागली नाही. वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता, तो त्याने सांभाळला. आज तो ४८ वर्षांचा आहे. लग्नं, मुंजी, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, यावर त्याचा संसार चालतो. त्याच्याकडे दहा वर्षं वापरलेले दोन डीएसएलआर कॅमेरे होते. फोनवर म्हणाला, "सर, नवीन मिररलेस घेऊ का? कर्ज काढावं लागेल, आणि पुढच्या वर्षी मुलीची ॲडमिशन आहे. पण हल्ली पार्टी अल्बम बघायच्या आधी कॅमेरा कुठला ते विचारते."

मी त्याला साधनांच्या मोहावर दहा मिनिटं ऐकवलं. चांगला फोटो माणूस काढतो, कॅमेरा नाही, वगैरे वगैरे. तो "बरं सर" म्हणाला आणि फोन ठेवला. "बरं सर" म्हणजे काय हे चाळीस वर्षं शिकवल्यावर कळतं. उत्तर पटलेलं नाही, पण वाद घालायचा नाही.

पुढे महिन्याभरात एका लग्नात आमची गाठ पडली. मी पाहुणा, तो कामावर. अक्षता पडल्या, गर्दी जेवणाकडे वळली, तो घाम पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, अंतरपाट दूर होतानाचे अकरा फोटो काढले. पण ज्या क्षणाचे फोटो आहेत ना, ते क्षण मी पाहिलेलेच नाहीत." मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

हे समजून घ्यायचं तर त्या आरशापासून सुरुवात करावी लागेल.

आरसा काय करतो

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे, पंचेचाळीस अंशांत कललेला एक छोटा आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो, तिथे एका घासलेल्या काचेवर चित्र उमटतं, आणि वरच्या पंचकोनी प्रिझममधून ते सुलट होऊन आपल्या डोळ्यापर्यंत येतं. म्हणजे जी लेन्स फोटो काढणार, तिच्यातूनच आपण बघत असतो. ही सोय फार मोलाची होती.

आमच्या लहानपणी स्टुडिओत याशिकाचा डबा असायचा, दोन लेन्सचा. वरच्या लेन्सनं बघायचं, खालच्या लेन्सनं फोटो निघायचा. फोटोग्राफर मान खाली घालून काचेत बघायचा आणि त्याला चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं. माणूस उजवीकडे सरकला की काचेत डावीकडे जायचा. त्यामुळे नवशिक्याची फार तारांबळ उडायची. प्रिझम आल्यावर हे संपलं. १९४९ साली ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात डोळ्याच्या पातळीवर, सुलट चित्र दाखवणारं प्रिझम आलं. १९५४ च्या जपानी असाहीफ्लेक्समध्ये फोटो निघाल्यावर आरसा आपोआप लगेच खाली येण्याची सोय झाली. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत रीळ पुढे सरकवेपर्यंत समोर अंधारच. मग १९५९ साली निकॉन एफ आला आणि पुढची साठेक वर्षं व्यावसायिक फोटोग्राफर म्हटलं की हातात आरशाचा कॅमेरा, असं समीकरण झालं. फिल्म गेली, डिजिटल आलं, तरी आरसा तसाच राहिला.

पण या रचनेत एक अडचण जन्मजात आहे. आरसा प्रकाश डोळ्याकडे वळवतो, म्हणजे तोपर्यंत तो फिल्मकडे किंवा सेन्सरकडे जात नाही. फोटो काढायचा तर आरसा बाजूला व्हायला हवा. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, बंद होतं, आरसा खाली येतो. तो खट्याक आवाज याचाच. साधारण एक दशांश सेकंदाचा हा खेळ. आणि तेवढा वेळ फोटोग्राफरच्या डोळ्यापुढे अंधार असतो.

आता बघा, माझा विद्यार्थी काय म्हणत होता. अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांना पाहतात, सगळा मांडव पाहतो, आणि नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफरपुढे पडदा पडतो. त्याने पाहिला तो आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण. मधला त्याने ओळखून टिपला. त्याचं सगळं कसब या आधी ओळखण्यात होतं. वडिलांकडून शिकलेलं, हजार लग्नांत मुरलेलं.

आरशावाचून कॅमेरे पूर्वीही होते. हेन्री कार्टिए-ब्रेसाँ लायका वापरायचे. लायका १९२५ साली बाजारात आला, त्यात आरसा नव्हताच, बघायची खिडकी वेगळी होती. १९४८ च्या जानेवारीअखेर दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले, तेव्हा बटण दाबताना त्यांच्या डोळ्यापुढे अंधार होत नव्हता. १९५२ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग जगभर गेला. तो क्षण पाहता येईल असा कॅमेरा त्यांच्या हातात होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मग लायकाला कुणी 'मिररलेस' का म्हटलं नाही? इथे आमचे वैशेषिक मदतीला येतात. त्यांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. पण अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. टेबलावर घागर नाही असं आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा घागर तिथे असेल अशी अपेक्षा असते. १९२५ साली आरशाची अपेक्षाच नव्हती. साठ वर्षं आरसा पाहिल्यावर तो काढला, तेव्हा त्याच्या नसण्याला नाव मिळालं. तेव्हा मिररलेस हे नाव नव्या कॅमेऱ्यात काय आहे ते सांगतच नाही. काय आहे, ते आता बघू.

आरसा काढल्यावर

२००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला. लेन्स बदलता येणारा, पण आरसा नसलेला, आणि बघण्यासाठी आत इलेक्ट्रॉनिक पडदा असलेला. व्यावसायिकांनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. २०१३ मध्ये सोनीने जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सर घालून ए७ काढला, तेव्हा कान टवकारले गेले. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही फुल-फ्रेम मिररलेस आणले. २०२० मध्ये या दोघांचे वरच्या दर्जाचे डीएसएलआर आले, आणि त्यांच्यानंतर त्या जागी नवा डीएसएलआर आलेला नाही. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न "जावं की न जावं" असा फार काळ राहणार नव्हता. "केव्हा, आणि काय समजून" असा होता.

मिररलेसमध्ये प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सर सतत जागा असतो. तो जे टिपतो त्याचं कॅमेऱ्यातला प्रोसेसर चित्र तयार करतो आणि व्ह्यूफाइंडरमधल्या चिमुकल्या पडद्यावर दाखवतो. आपण डोळा लावतो तो या पडद्याला. समोरच्या नवरीकडून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यात जात नाही. तिचं कॅमेऱ्याने बनवलेलं चित्र दिसतं.

हे ऐकल्यावर मी, खरं सांगतो, खुर्चीत सरसावून बसलो. कारण हा वाद दीड-दोन हजार वर्षं जुना आहे. बौद्धांमध्ये वैभाषिक म्हणत, बाह्य वस्तू आपल्याला प्रत्यक्ष दिसते. सौत्रांतिक म्हणत, तसं नाही. वस्तू क्षणिक आहे. ती ज्ञानाचं कारण आहे, म्हणजे ज्ञानाच्या आधी असली पाहिजे. ज्ञान होईपर्यंत ती गेलेली असते. आपल्यापाशी असतो तो तिचा आकार, त्यावरून वस्तूचं अनुमान करायचं. डीएसएलआरवाला वैभाषिक झाला आणि मिररलेसवाला सौत्रांतिक! तंतोतंत. कारण त्या पडद्यावरचं चित्रही किंचित उशिरा येतं. चांगल्या कॅमेऱ्यात हा उशीर इतका थोडा असतो की जाणवत नाही, पण तो शून्य नसतो.

गंमत पुढे आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला नेमका फोटोचा क्षण दिसत नव्हता. चित्र पाहणाऱ्याला तो दिसू शकतो. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये सेकंदाला वीस फोटो निघत असतानाही व्ह्यूफाइंडर अंधारत नाही. सगळ्याच मिररलेसमध्ये असं होत नाही बरं का. स्वस्तातल्यांत अजून क्षणभर काळं होतं किंवा चित्र अडकतं. घेण्यापूर्वी दुकानात नुसता कॅमेरा हातात धरून चालत नाही, पळत्या पोरावर धरून बघावा लागतो.

दिसतं ते काय, आणि किती खरं

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा मोठा फायदा असा की फोटो उजळ येणार की काळवंडणार हे आधीच दिसतं. जुन्या कॅमेऱ्यात डोळ्याला मांडव छान दिसायचा आणि फोटोत नवरदेवाचा पांढरा फेटा जळून सपाट व्हायचा. ते टाळायला अंदाज लागायचा. आता फेटा जळतोय हे बटण दाबण्याआधीच कळतं.

पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्याने रंग-उजेड लावून शिजवलेलं चित्र असतं. रॉ फाइलमध्ये त्याहून जास्त तपशील असतो. त्यामुळे पडद्यावर जळलेलं दिसलं तरी मागे थोडं शिल्लक असू शकतं. दुसरी गोष्ट फ्लॅशची. फ्लॅशचा उजेड बटण दाबल्यावर पडणार, मग तो आधी कसा दिसेल? स्टुडिओत फ्लॅशवर काम करणारा पहिल्यांदा मिररलेसला डोळा लावतो तेव्हा त्याला मिट्ट काळोख दिसतो आणि वाटतं कॅमेरा बिघडला. बिघडलेला नसतो. 'फोटो कसा येईल ते दाखव' ही सोय बंद करायची, की व्ह्यूफाइंडर उजळतो. आपल्याकडची निम्मी लग्नं फ्लॅशवर होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता फोकस. डीएसएलआरमध्ये मोठ्या आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली पाठवतो, तिथे तळाशी फोकसचं स्वतंत्र यंत्र. म्हणजे फोकस ठरतो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला तरी डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. म्हणून लेन्सगणिक बारीक जुळवणी करावी लागायची. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ही तक्रार मुळातूनच गेली. शिवाय सेन्सर सतत पाहत असल्याने प्रोसेसर चेहरा ओळखतो, चेहऱ्यातला डोळा ओळखतो आणि माणूस हलला तरी त्या डोळ्याला धरून राहतो.

इथे मात्र मला विद्यार्थ्याने सांगितलेली दुसरी हकीकत सांगितली पाहिजे. एका लग्नासाठी त्याने मित्राचा नवा कॅमेरा मागून नेला. पाठवणीची वेळ. मुलगी आईच्या गळ्यात पडलेली, मागे खांबाला टेकून वडील उभे. आयुष्यात कधी न रडलेला माणूस, आणि त्याचा चेहरा बदलत होता. याने कॅमेरा रोखला. पडद्यावर चौकोन आला मुलीच्या डोळ्यावर, अगदी पक्का. ती हलली, चौकोन हलला. हा त्या चौकोनाकडे बघत राहिला. शंभरेक फोटो निघाले, सगळ्यांत मुलीची पापणी न् पापणी स्पष्ट. वडील सगळ्या फोटोंत धूसर.

तो म्हणाला, "सर, माझ्या जुन्या कॅमेऱ्यात मला फोकसचा ठिपका हाताने न्यावा लागायचा. न्यावा लागायचा म्हणून विचार करावा लागायचा, की कुणावर नेऊ. इथे कॅमेऱ्याने आधीच उत्तर दिलं, आणि मी प्रश्नच विचारला नाही."

कॅमेऱ्याची चूक आहे का? नाही. जवळचा, मोठा, स्पष्ट चेहरा धर असं त्याला शिकवलंय, त्याने धरला. कोण महत्त्वाचं हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ते माहीत असणं हाच तर फोटोग्राफरचा धंदा. आणि ते वडील त्या जागी, त्या चेहऱ्यानं पुन्हा उभे राहणार नाहीत. चुकलेला फोटो दुसऱ्या दिवशी काढता येत नाही, ही या व्यवसायातली जोखीम आहे. कपडा उसवला तर शिंपी पुन्हा शिवतो. याला ती सोय नाही.

आवाज गेला, रेघा आल्या

मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर अजिबात आवाज होत नाही. गाण्याच्या मैफिलीत विलंबित चालू असताना पहिल्या रांगेतून खट्याक-खट्याक ऐकलेल्या प्रत्येकाला याची किंमत कळेल. अंत्यदर्शनाच्या वेळी, देवळाच्या गाभाऱ्यासमोर, झोपलेल्या बाळाजवळ, सगळीकडे हे वरदान आहे.

पण बहुतेक सेन्सर एका फटक्यात वाचले जात नाहीत. वरून खाली, ओळीओळीने वाचले जातात. त्या वेळात समोरची गोष्ट जोरात हलली तर ती तिरकी येते. ढोलावर पडणारी टिपरी वाकलेली दिसते. आणि दिवे लुकलुकत असतील तर फोटोत आडव्या रेघा येतात. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. यावर साधा उपाय म्हणजे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवणं, किंवा यांत्रिक शटर वापरणं. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची लुकलुक याहून खूप वेगवान असते, तिथे आधी जाऊन दोन-चार वेगांवर फोटो काढून बघावे लागतात. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर फ्लॅश चालत नाही. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये सेन्सर इतका वेगाने वाचला जातो की यांत्रिक शटर काढूनच टाकलं. २०२३ च्या सोनी ए९ थ्री मध्ये सगळा सेन्सर एकाच वेळी वाचला जातो. पण हे फार महागडे कॅमेरे. मधल्या किमतीत लग्नाच्या हॉलमध्ये यांत्रिक शटरच भरवशाचं.

काही कॅमेरे आणखी पुढे जातात. बटण अर्धं दाबून ठेवलं की ते गुपचूप फोटो साठवत राहतात, आणि पूर्ण दाबलं की आधीच्या काही क्षणांचे फोटोही ठेवून देतात. ऑलिंपसने २०१६ मध्ये अशी सोय दिली. म्हणजे फोटो आधी, निर्णय नंतर! पक्षी फांदीवरून उडताना टिपणाऱ्याला याचा उपयोग आहे. लग्नात मात्र यातून फोटोंचा ढीग वाढतो, आणि तो ढीग रात्री कुणीतरी उपसायचा असतो.

हिशोब

तत्त्वज्ञानाच्या माणसाने हिशोब टाळू नये. आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.

पहिली रक्कम बॉडीची नाही, लेन्सची. आरशाला जागा लागायची म्हणून जुन्या कॅमेऱ्यात लेन्सची कडी आणि सेन्सर यांत अंतर होतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, नव्या झेडमध्ये १६. कॅननच्या ईएफमध्ये ४४, आरएफमध्ये २०. आरसा गेल्यावर मोकळी झालेली ही जागा भरून काढणारं कडं, म्हणजे ॲडॉप्टर, लावलं की जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसतात. बहुतेकांचा फोकसही नीट चालतो. पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सचा फोकस बॉडीतल्या मोटरने फिरायचा, त्या निकॉनच्या ॲडॉप्टरवर हातानेच फिरवाव्या लागतात. माझ्या विद्यार्थ्याकडे अशी एक होती, वडिलांची. बाकीच्या तीन चालणार होत्या. म्हणजे सगळ्या लेन्स एकदम बदलायची गरज नव्हती. इथेच निम्मं कर्ज उतरलं.

दुसरी रक्कम बॅटरीची. सेन्सर आणि पडदा सतत चालू, तर वीज खाणारच. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या ठरलेल्या चाचणीत निकॉन डी७५० चा आकडा एका चार्जिंगला १,२३० फोटो, आणि मिररलेस झेड६ चा ३१०. सलग फोटो काढताना प्रत्यक्षात याहून बरेच जास्त निघतात, पण खिशात तीन-चार बॅटऱ्या हव्यातच. मांडवात लाइट जाणं आपल्याला नवीन नाही.

तिसरी रक्कम कार्डं, हार्ड डिस्क आणि वेळ. पूर्वी दोन दिवसांच्या लग्नात तीन हजार फोटो निघत असतील, तर नव्या वेगाने सहज सहा हजार होतात. निवडायला बसणारा माणूस तोच.

आता बेरीज. समजा बॉडी, एक लेन्स, ॲडॉप्टर, बॅटऱ्या, कार्डं मिळून चार लाख. समजा हे सामान चार वर्षं चालेल आणि वर्षाला ३५ लग्नं होतील. म्हणजे १४० लग्नं. दर लग्नामागे साधारण २,८५० रुपये, व्याज सोडून. मग प्रश्न असा विचारायचा, की या लग्नात २,८५० रुपयांचं काय जास्त मिळालं? गिऱ्हाईक तेवढे जास्त देणार का? नसेल देणार, तर माझं काम तेवढं सोपं झालं का? की तेवढ्या पैशांत एक हुशार मदतनीस ठेवून जास्त चांगले फोटो निघाले असते? सगळ्यांचं उत्तर सारखं येणार नाही. पण हा हिशोब न मांडता घेतलेला कॅमेरा शेजारच्या स्टुडिओवाल्याकडे बघून घेतलेला असतो.

माझं कुठे चुकलं

मी त्याला साधनांच्या मोहावर व्याख्यान दिलं होतं. तेव्हा एक गोष्ट मी विचारलीच नाही. हिशोब संपत आला तेव्हा त्याने ती सांगितली, जरा ओशाळून. म्हणाला, "सर, मला चाळिशी लागलीय. कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर फोटो शार्प आलाय की नाही ते चष्म्याशिवाय दिसत नाही. डोळा लावताना चष्मा काढायचा, फोटो तपासताना घालायचा. अक्षतांच्या गर्दीत ते जमत नाही, म्हणून मी तपासणंच सोडून दिलं. घरी गेल्यावर कळतं."

मिररलेसमध्ये काढलेला फोटो व्ह्यूफाइंडरच्या आतच बघता येतो. त्याचा नंबर आपल्या डोळ्याला जुळवून ठेवायचा, की चष्म्याची उठाठेव संपली. बारीक गोष्ट दहापट मोठी करून आतच दिसते. बाकीचे सगळे फायदे-तोटे एका बाजूला आणि हे एका बाजूला. हा माणूस गेली काही वर्षं आंधळेपणाने काम करत होता, रोज घरी जाईपर्यंत धाकधूक घेऊन. त्याला मी मोह आवर म्हणून सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाला तर हे पहिल्यांदा सुचायला हवं होतं. मी वर्तमानपत्र भिंगाने वाचतो!

साधनाबद्दल कुणी विचारलं तर आधी विचारावं, तुझं अडतंय कुठे? यंत्र आपल्या हातून कुठलं काम काढून घेतं ते नीट बघावं. उजेडाचा अंदाज, फोकसची जुळवणी, चष्म्याची काढ-घाल ही ओझी आहेत, ती खुशाल द्यावीत. पण कुणाकडे पाहायचं हे ठरवणं ओझं नाही. ते त्याच्याबरोबर देऊन बसलो, तर महागड्या कॅमेऱ्याने शंभर स्वच्छ फोटो मिळतील आणि वडील धूसर राहतील.

त्याने शेवटी काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही बाहेर गाठाल. आधी दोन लग्नांसाठी कॅमेरा भाड्याने आणला. मग एकच बॉडी घेतली, मधल्या किमतीतली, ॲडॉप्टरसह. एक जुना डीएसएलआर विकला. दुसरा ठेवला, तो आता खांद्यावर जोडीला असतो. एक पूर्ण हंगाम दोन्ही वापरून मग पुढचं ठरवणार आहे. कर्ज झालं, पण आधी ठरवलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि एक सवय लावून घेतली. डोळा ओळखणारा तो चौकोन एका बटणावर ठेवलाय. एरवी चालू असतो. मंगलाष्टकं संपत आली की तो बंद करतो, ठिपका हातात घेतो आणि कॅमेऱ्यावरून मान वर काढून एकदा सगळ्या मांडवावर नजर फिरवतो. आई कुठे उभी आहे, आजी कुणाच्या आधाराने आलीय, मामाचा चेहरा कसा आहे.

मंगलाष्टकांच्या शेवटी 'सावधान' म्हणतात. आपण ते अक्षता टाकायची खूण म्हणून ऐकतो. मूळ शब्द स-अवधान. अवधानासह असा. तो वधूवरांना सांगितलेला आहे. पण मांडवात ज्याच्या हातात कॅमेरा आहे, त्यानेही तो आपल्यासाठी म्हटलाय असं समजायला हरकत नाही.